रात्री लावलेले रोप

आमच्या बेळगावच्या मंडळीतल्या रविवारच्या शाळेच्या बाईंनी एका जानेवारीत मुलांना एक काम दिले. प्रत्येकाच्या हाती कागदाच्या पुडीत टोमॅटोच्या तीन बिया दिल्या आणि सांगितले, "चहाच्या कागदी पेल्यात माती भरून ह्या घरी लावा, आणि तिसऱ्या रविवारी पेले घेऊन या." काम चांगले होते. मुलांना पाठ करण्यासाठी वचने पुष्कळ देतो आपण; हाताने करावयाचे क्वचितच देतो. माझी नऊ वर्षांची नात ती पुडी मुठीत धरून घरी आली. त्या तीन बियांनी तिच्या आजीला एक प्रश्न घातला, तो अजून सुटलेला आहे असे मी म्हणणार नाही. हे मासिक वाचणाऱ्यांत शिक्षक पुष्कळ आहेत, आजी-आजोबा तर त्याहून अधिक. हा प्रसंग त्यांच्यावरही कधी ना कधी यावयाचाच, म्हणून तो त्यांच्यापुढे ठेवते.

प्रश्न असा. लहान मुलाचे मन मोडू नये म्हणून, त्याच्या नकळत, आपण खोट्याचा आधार घेतला, तर आपण त्याला काय दिले आणि त्याचे काय घेतले?

आधी बियांविषयी लिहिते, कारण सगळे प्रकरण तिथूनच सुरू झाले.

टोमॅटोची बी दिसायला अगदी साधी. चपटी, फिकट पिवळसर, अंगावर बारीक लव. एका ग्रॅममध्ये सुमारे ३०० मावतात. पिकलेल्या फळात तिला ओल असते, ऊब असते, तरी ती आतल्या आत सहसा उगवत नाही. प्रत्येक बीभोवती जो बुळबुळीत गर असतो, तो आणि फळातली काही द्रव्ये तिची उगवण रोखून धरतात. फळ फार दिवस पडून राहिले तर हा पहारा ढिला पडतो. मग चिरताना आत पांढरे वळवळीत कोंब दिसतात आणि सुना ते फळ फेकून देतात. घरचे बी धरणारे लोक बियांसकट गर वाटीत काढून, चमचाभर पाणी घालून, दोन-तीन दिवस झाकून ठेवतात. तो आंबतो, वर फेस येतो, वास येतो, घरात कुरकुर होते; पण गर सुटतो आणि भरीव बिया तळाशी बसतात. त्या धुऊन थाळीवर सावलीत वाळवावयाच्या. कागदावर वाळत घातल्या तर चिकटून बसतात. संकरित जातीच्या फळाचे बी धरले तर रोप येईल, पण त्याचे फळ आईसारखे निघेलच असे नाही. म्हणून मी एक जुनी आंबट देशी जातच वर्षानुवर्षे धरीत आले आहे.

पेरताना बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल जावी, बोटाच्या नखाएवढी. उजेड तिला तेव्हा लागत नाही, ऊब लागते. वीस ते तीस अंशांत पाच ते दहा दिवसांत ती वर येते. दहा अंशांच्या खाली ती जवळजवळ निजूनच राहते, आणि पस्तीसच्या वरही उगवण घटते. बी आधी पाणी पिऊन फुगते. मग मूळ बाहेर पडून खाली जाते. त्यानंतर पांढरट दांडा कमान करून माती उचलतो आणि सरळ होता होता दोन अरुंद, लांबट बीजपत्रे वर काढतो. पुष्कळदा त्यांच्या टोकाला बीचे टरफल टोपीसारखे अडकलेले असते. ते नखाने ओढून काढण्याचा मोह प्रत्येकाला होतो. ओढू नये, पाने तुटतात. कातरलेल्या कडांची खरी टोमॅटोची पाने यानंतर येतात, आणि या वेळेपासून मात्र रोपाला भरपूर उजेड पाहिजे. नाही तर ते बारीक, उंच होऊन लोळू लागते. माती सतत चिखल राहिली तर बुरशी लागते व दांडा मातीलगत काळा पडून रोप कोलमडते. हौशी माणसांची रोपे दुष्काळाने मरत नाहीत, पाण्याने मरतात.

नातीने काय केले? बिया तिने बोटाच्या दोन पेरांइतक्या खोल खुपसल्या, "त्यांना थंडी वाजू नये म्हणून." प्रत्येक बीपाशी खराट्याची एक काडी खूण म्हणून रोवली. पेला उत्तरेच्या खिडकीत ठेवला, कारण बिछान्यातून डोळे उघडताच तो तिथे दिसे. त्या खिडकीला ऊन नाही, आणि बेळगावच्या जानेवारीतल्या रात्री कशा असतात हे इथल्यांना सांगायला नको. पाणी सकाळ-संध्याकाळ, पेल्याला खाली भोक नाही. हे सगळे मी पहिल्या दिवसापासून पाहत होते. बोलले नाही. तिचे काम तिने करावे, चुकत शिकावे, असे माझे जुन्या मास्तरणीचे धोरण. पाचव्या दिवशी फक्त सुईने पेल्याच्या बुडाला भोके पाडून दिली.

सातव्या दिवशी तिला राहवले नाही. पहिल्या काडीपाशी उकरून तिने बी वर काढली. बीला मुळाचा पांढरा तुकडा फुटला होता, तो तिच्याच बोटांत तुटला. तिने मला दाखवला नाही, पण केरात मी पाहिला.

बाराव्या दिवशी, शुक्रवारी रात्री, जेवताना ती म्हणाली, "आज्जी, सगळ्यांची आली. माझीच बी मेली." रडली नाही. रडली असती तर मला सोपे गेले असते. ती पानावरून उठली आणि खिडकीतला पेला भिंतीकडे तोंड करून ठेवावा तसा कोपऱ्यात सरकवून निजली. पेल्याला तोंड नसते, पण पाहणाऱ्याला कळत होते.

माझी स्वतःची रोपे स्वयंपाकघरात शेगडीच्या वरच्या फळीवर, एका लाकडी खोक्यात, नुकतीच वर आली होती. घर निजल्यावर मी चमच्याने त्यातले एक, बीजपत्रांवर असलेले, मुळाच्या मातीसकट उचलले आणि तिच्या पेल्यात दुसऱ्या काडीपाशी लावले. माती बोटाने सारखी केली. चमचा धुतला, पुसला, जागेवर ठेवला. हा चमचा धुण्याचा तपशील मी मुद्दाम लिहिते. रोपे मी आयुष्यभर इकडची तिकडे लावली आहेत, आणि चमचा सकाळपर्यंत तसाच मोरीत पडलेला असे.

सकाळी घरात जो आनंद झाला, तो मी वर्णन करीत नाही. खरा होता. त्या क्षणी मला कोणी विचारले असते की तू चूक केलीस का, तर मी हसले असते.

रविवारी सव्वीस पेले टेबलावर मांडले गेले. नातीचा पेला रांगेत मधोमध होता. आमच्याच गल्लीतला एक मुलगा पेला घेऊन आला, त्यात नुसती माती होती. बाई समंजस. त्यांनी त्याचा पेलाही इतरांबरोबर ठेवला आणि म्हणाल्या, "कधी कधी वेळ लागतो." मुले हसली नाहीत, निदान मोठ्याने नाहीत. घरी परतताना नात माझे बोट धरून उड्या मारीत होती. म्हणाली, "आज्जी, त्याचं आलंच नाही. मी त्याला सांगितलं, रोज मनापासून पाणी घातलं असतंस तर आलं असतं. माझं बघ."

मी चालता चालता थांबले. काय झाले, म्हणून तिने विचारले. पायात खडा गेला, असे मी म्हटले. हेही खोटेच होते.

माझे खोटे माझ्या आणि तिच्यात राहील असा माझा हिशेब होता. ते तिसऱ्याच्या अंगावर जाऊन पडले. तिने त्या मुलाला जे सुनावले त्यात दुष्टपणा नव्हता. तिला मिळालेल्या पुराव्यावरून तिने सरळ अनुमान काढले होते. मी मनापासून केले, माझे आले. त्याचे आले नाही, म्हणजे त्याने मनापासून केले नाही. तो पुरावा मी तयार केला होता.

आणि तो मुलगा निर्दोष होता हे मला ठाऊक होते, कारण थोडे गणित मला येते. भारतात प्रमाणित टोमॅटो बियाण्याची उगवणशक्ती कमीत कमी ७० टक्के असावी असा दंडक आहे. म्हणजे चांगल्या म्हणून विकल्या जाणाऱ्या १०० बियांतल्या ३० उगवल्या नाहीत तरी कोणी तक्रार करू शकत नाही. अशा तीन बिया घेतल्या, आणि खोली, ऊब, पाणी सगळे बिनचूक केले, तरी तिन्ही वांझ निघण्याचा संभव हजारांत २७. हे फार थोडे वाटते. परंतु सव्वीस मुलांच्या वर्गात असे एखादे तरी मूल निघण्याचा संभव जवळजवळ निम्मा आहे. दोन वर्गांनी हा प्रयोग केला तर एकात कोणीतरी रिकामा पेला घेऊन येणार, आणि त्यात त्याचा केसभर दोष नसणार. शिक्षकांना सुचवावेसे वाटते, की एक तर प्रत्येकाला आठ-दहा बिया द्याव्यात. नाही तर आधी ओल्या फडक्यात मोजून बिया गुंडाळून, उबेत ठेवून, आठवड्याने किती मोडावल्या ते पाहावे. शेतकरी पेरणीपूर्वी ओल्या गोणपाटात दाणे ठेवून हेच करतात.

पण मूळ प्रश्न गणिताने सुटत नाही. समजा तो मुलगा वर्गात नसताच, सव्वीसही पेले हिरवे असते, तर माझे कृत्य ठीक झाले असते का?

खोट्याच्या बाबतीत आपल्या परंपरेत कडक माणसे होऊन गेली. ऑगस्तीनने या एका विषयावर दोन ग्रंथ लिहिले, खोट्याचे आठ प्रकार पाडले, काही अधिक वाईट, काही कमी वाईट असे मान्य केले, आणि शेवटी एकालाही परवानगी दिली नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९७ साली एका निबंधात असे मांडले, की मारेकरी दाराशी येऊन तुमच्या घरात लपलेल्या मित्राविषयी विचारू लागला तरी खोटे बोलण्याचा हक्क तुम्हाला नाही. हे वाचून मला नेहमी वाटत आले, की या माणसाच्या घरी कोणी लपायला जाऊ नये.

डीट्रिख बोनहोफर या पाळकाने हिटलरच्या तुरुंगात असताना 'सत्य बोलणे म्हणजे काय' या विषयावर एक निबंध लिहावयास घेतला. तो अपुरा राहिला; १९४५ च्या एप्रिलमध्ये त्यांना फाशी देण्यात आले. त्यात एक साधे उदाहरण आहे. एक शिक्षक भर वर्गात एका मुलाला विचारतो, तुझा बाप दारू पिऊन घरी येतो, हे खरे ना? ते खरे असते. मुलगा नाही म्हणतो. बोनहोफरांचे म्हणणे असे, की मुलगा खोटे बोलला हे कबूल; पण त्या खोट्यात घराच्या अब्रूविषयीचे एक सत्य आहे, आणि दोष प्रश्न विचारणाऱ्याकडे जातो. त्याला तो प्रश्न विचारण्याचा अधिकारच नव्हता. रविवारच्या शाळेत मी अनेक वर्षे शिकविले. माझ्याही हातून कधी मुलांना असे प्रश्न गेले असतील, या विचाराने हे उदाहरण मला दर वेळी टोचते.

मी या उदाहरणाचा आसरा घेऊन पाहिला. त्या मुलाने घर वाचविण्यासाठी खोट्याची भिंत घातली. मीही नातीला वाचवीत होते. पण कोणापासून? तिला कोणी छळीत नव्हते. बाई प्रेमळ, मुले सोबतीची. तिच्या वाट्याला आले होते ते एक साधे, सर्वांच्या वाट्याला येणारे दुःख: आपण केले आणि झाले नाही. त्या दुःखाला माझ्या घरात शिरण्याचा अधिकार नव्हता असे मी म्हणू शकत नाही. खरे सांगायचे तर पानावरून उठून गेलेली ती मला पाहवेना. रात्री चमचा हाती घेतला तेव्हा मी निम्मे स्वतःचेच डोळे पुसत होते.

माझी एक मैत्रीण म्हणते, तू उगाच जिवाला लावून घेतेस. नाताळात आपण मुलांच्या उशाशी खाऊ ठेवतो आणि नाताळबाबा येऊन गेला म्हणून सांगतो. पडलेला दात उंदराला द्यायला लावतो. ते चालते, मग हे का नाही? हा आक्षेप पोकळ नाही, मी त्यावर बरेच दिवस विचार केला. मला दिसलेला फरक असा. नाताळच्या खाऊत आपण देणाऱ्याविषयी खोटे सांगतो. खाऊ खरा असतो, मूल तो खाते, आणि चार वर्षांनी कळले की तो बाबांनी ठेवला होता, तर हसते. त्याचे काही कमी होत नाही, उलट बाबा त्याला थोडे अधिक आवडू लागतात. पेल्यातल्या रोपात मी तिला तिच्याविषयीच खोटे सांगितले. तू पेरलेस, ते आले. तुझ्या हातात हे आहे. उद्या ते कळले तर खाऊ हातात राहत नाही, तिचा तिच्या हातावरचा विश्वासच जातो.

सकाळी उठून मी तिला म्हणू शकले असते, "तुझी बी अजून आली नाही. माझ्याकडची दोन रोपे घे, तुझ्या पेल्याशेजारी ठेव, बाईंना सांग आज्जीची आहेत." ते दान झाले असते. रोप तेच, पेला तोच. मी ते का केले नाही? कारण मला तिला रोप द्यावयाचे नव्हतेच. 'माझे उगवले' हा आनंद द्यावयाचा होता, आणि तो कोणी कोणाला देऊ शकत नाही. आपली भाषा इथे आपल्यापेक्षा शहाणी आहे. शेतकरी पीक पिकवितो असे आपण म्हणतो. पण बी उगविले असे कोणी म्हणत नाही. आपण पेरतो, उगवते ते. पौलानेही करिंथच्या मंडळीला लावणाऱ्याची आणि पाणी घालणाऱ्याची जागा कोणती ते स्पष्ट लिहून ठेवले आहे. जे माझ्या हातचे नाही, ते मी रात्री चमच्याने घडवून आणल्याचा देखावा केला.

इथे एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. ती मी स्वतः रविवारच्या शाळेत कित्येकदा सांगितली आहे आणि वाचकांनीही सांगितली असेल. एक म्हातारा राजा वारस निवडण्यासाठी सगळ्या मुलांना बी वाटतो. वर्षाने सगळे फुललेल्या कुंड्या घेऊन येतात. एकच मुलगा रिकामी कुंडी घेऊन रडत उभा राहतो. राजा त्यालाच गादी देतो, कारण वाटलेले बी उकडलेले असते. मुलांना ही गोष्ट फार आवडते. मला ती आता पूर्वीसारखी सांगवत नाही. एक तर त्या गोष्टीतला पहिला लबाड राजाच. उकडलेले बी चांगले म्हणून त्यानेच दिले. दुसरे, त्या फुललेल्या कुंड्या मुलांनीच बदलल्या असे आपण धरून चालतो. मला तर आता पक्के वाटते, की त्यांतल्या निम्म्या घरी माझ्यासारख्या आज्या होत्या. आणि तिसरे, जे सर्वांत जड आहे: रिकाम्या कुंडीला तिथे राज्य मिळते. आमच्या गल्लीतल्या मुलाला काय मिळाले? "कधी कधी वेळ लागतो," हे चार शब्द, आणि माझ्या नातीचा उपदेश. खरेपणाला बक्षीस लावून आपण मुलांना खरेपणा शिकवू लागलो, की बक्षीस नसलेल्या दिवसासाठी त्यांच्याजवळ काहीच उरत नाही. आणि बहुतेक दिवस बिनबक्षिसाचेच असतात.

आता पुढे काय झाले ते सांगते.

रविवारनंतर पेला मी उन्हाच्या खिडकीत हलविला होता. गुरुवारी, अठराव्या दिवशी, नात शाळेतून येऊन पेल्याशी वाकली आणि ओरडली. दुसऱ्या काडीपाशीच माती उचलून आणखी एक कमान वर येत होती. तिची बी. खोल पुरलेली, गारठलेली, भिजलेली, तरी अठरा दिवसांनी आलेली. आणि त्या हुशार पोरीने लगेच विचारले, "या काडीपाशी तर मी एकच बी टाकली होती. दोन कशी आली?"

वाचकहो, अशा वेळी मनुष्याने खरे सांगावे. दार आपोआप उघडले होते. मी काय केले? मी म्हटले, "मातीत असेल एखादी. खतात टोमॅटोच्या बिया राहतात, कुठेही उगवतात." हे शास्त्रदृष्ट्या अगदी खरे आहे, उकिरड्यावर टोमॅटो उगवतात हे सर्वांनी पाहिले आहे. एवढ्यावर न थांबता मी तिला विल्यम कॅरीची हकीकत सांगितली. १८०५ साली मराठीचे व्याकरण छापणारे, १८२० साली कलकत्त्यात शेती व बागाईची संस्था काढणारे ते कॅरी. इंग्लंडहून बियांची पिशवी आली होती. ती रिकामी झाल्यावर त्यांनी बागेतल्या सावलीच्या मातीवर झटकली, आणि काही दिवसांनी तिथे त्यांच्या मायदेशातल्या डेझीचे रोप उगवलेले दिसले. हर्षाने त्यांना काही सुचेना. हकीकत खरी आहे. नातीचे डोळे मोठे झाले. रात्री जेवताना तिने ती आपल्या आईबाबांना सांगितली, आणि शेवटी म्हणाली, "तसंच माझ्या पेल्यात झालं."

एका खोट्याला झाकायला दुसरे खोटे लागते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मला त्या रात्री नवे कळले ते असे, की दुसऱ्या वेळी खोटे लागलेही नाही. दोन खऱ्या गोष्टी पुरल्या. एका सत्पुरुषाचा निर्मळ आनंद मी माझ्या चमच्यावर पांघरूण म्हणून घातला. पूर्वी तिला रोपाविषयी फसविले होते, आता सत्य कशाला म्हणतात त्याविषयीच.

शनिवारी दुपारी मी तिला जवळ बसवून सगळे सांगितले. चमचा, खोके, शुक्रवारची रात्र. कारणे सांगितली नाहीत. कारणे सांगू लागले असते तर तिने मला क्षमा करावी अशी गळ घातल्यासारखे झाले असते, आणि नऊ वर्षांच्या मुलीवर तो भार टाकावयाचा नव्हता.

ती बराच वेळ बोलली नाही. मला वाटले, रोप खोटे निघाले म्हणून रडेल. तिने विचारले ते वेगळेच. "मग मी त्याला बोलले ते?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते.

याची किंमत पडली नाही असे नाही. पुढे कित्येक दिवस मी काही दिले की ती विचारी, "हे खरं की लावलेलं?" कधी हसत, कधी न हसता. तिच्या आईने मला ऐकविले, की एकदा केलेच होते तर गप्प बसायचे; आता पोरीचा तुमच्यावरचा विश्वास गेला. कदाचित तिचे खरे असेल. सांगण्यातही मी स्वतःचे ओझे हलके केले का, हे मला अजून ठरविता येत नाही. एवढे मात्र दिसते, की मी न सांगते तर त्या मुलाला बोललेले परत घेण्याची वाट तिला कधीच मिळाली नसती. ती तिची होती, आणि मी ती अडवून बसले होते.

त्या शनिवारी संध्याकाळी तिने पेला उचलला आणि म्हणाली, "चल." आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. मी फाटकाशीच थांबले. तो पायरीवर बसून सायकलची साखळी पुसत होता. तिने त्याला काय सांगितले ते मला ऐकू आले नाही, लांबलचक नसावे. त्याने काळे झालेले हात चड्डीला पुसले आणि पेल्यात डोकावून विचारले, "मग यातलं तुझं कुठलं?"

तिने बोट दाखविले. मोठ्या रोपाशेजारी ते छोटे, अजून पुरते सरळ न झालेले, डोक्यावर टरफल तसेच.

"टोपी काढू?" तो म्हणाला.

"नको," ती म्हणाली. "पानं तुटतात."